ए आणि बीचं ओ होतं का?

माझा भाचा पुण्यात आयटीत आहे. घरातल्या बाकीच्यांसारखंच त्यालाही वाटतं की मामाची लॅब म्हणजे सुई टोचायची, बाटली भरायची आणि पैसे घ्यायचे. गणपतीत आला होता. बायको सात महिन्यांची, ती माहेरी, म्हणून हा एकटाच. जेवणं झाल्यावर बाहेर कट्ट्यावर बसलो तर त्याने मोबाइल पुढे केला. कुणीतरी फॉरवर्ड केलेला व्हिडिओ, त्यात एक माणूस तावातावाने सांगतोय की जन्मलेल्या प्रत्येक बाळाची डीएनए टेस्ट सक्तीची करा, जन्मदाखल्यावर बापाचं नाव घालायच्या आधी. खाली बदाम आणि अंगठ्यांचा नुसता पाऊस.

म्हणलं, तुला काय वाटतं?

"मामा, वाईट काय आहे त्यात? एकट्याने मागितली तर बायकोवर संशय घेतल्यासारखं होतं. सगळ्यांचीच केली की विषयच संपला ना. पोलिओच्या डोससारखं. कुणाला राग यायचं कारणच नाही."

मी लगेच काही बोललो नाही. खरं सांगायचं तर युक्तिवाद बिनतोड वाटला. या विषयावर जे काही बाकीचं बोललं जातं, बायका अशा आणि बायका तशा, ते मी सोडून देतो, पण हा मुद्दा मात्र डोक्यात राहिला. संशयाची लाज वाटते ना, मग सगळ्यांवर सारखाच संशय घ्या म्हणजे कुणालाच लाज नाही. रांगेत सगळे उभे असले की आपल्याला उभं राहायचं काही वाटत नाही, तसं.

पण मी सव्वीस वर्षं सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात लॅब चालवतोय, आणि मला त्या रात्री आठवली ती तीन कार्डं.

बरीच वर्षं झाली. शटर अर्धं ओढलं होतं, तेवढ्यात एक माणूस वाकून आत आला. तिशीचा असेल. खिशातून तीन कार्डं काढली, काउंटरवर ओळीत मांडली, पत्ते मांडावेत तशी. त्याचं स्वतःचं, लॅमिनेट केलेलं, ओ पॉझिटिव्ह. बायकोचं बी पॉझिटिव्ह. आणि दवाखान्यातून मिळालेला बाळाचा कागद, त्यावर एबी पॉझिटिव्ह.

"दादा, हे बसतंय का?"

नाही बसत. म्हणजे पुस्तकात नाही बसत. ओवाल्या माणसाकडे द्यायला ए पण नसतो आणि बी पण नसतो, त्यामुळे त्याचं मूल एबी होणार कसं. हे त्याला माहीत होतं, मोबाइलवर तक्ता बघून आला होता. तो मला विचारत नव्हताच, तो मला तपासत होता, मी खोटं बोलतो का ते.

मी म्हणलं बसा, आधी तुमचं रक्त घेऊ. घेतलं. स्लाइडवर बघितलं, मग ट्यूबमध्ये बघितलं, मग उलट बाजूने म्हणजे सिरममधून पण बघितलं. ए निघाला. शंभर टक्के ए, डोळे मिटून सांगावं असा ए. ए आणि बीचं एबी होणार नाही तर काय होणार! म्हणलं हे कार्ड कुठलं तुमचं? तर म्हणे दहावीत असताना शाळेत कॅम्प लागलेला. आता शाळेतले कॅम्प मी पण केलेत. दोनशे पोरं, एक टेबल, स्लाइडांची रांग, एक जण बघतो आणि ओरडतो, दुसरा वहीत लिहितो, सिरमची बाटली सकाळपासून उन्हात. एक ओळ चुकली की पुढच्या दहा पोरांचे रक्तगट एकमेकांत गेले. अशी चुकीची कार्डं माझ्या हातून पण गेली असणार, हे मी छातीठोकपणे नाकारू शकत नाही. पोरगं ते कार्ड पाकिटात घालून पंधरा वर्षं फिरतं.

आणि समजा तो खरंच ओ निघाला असता तरी मी लगेच हात टेकले नसते, कारण आपल्याच मुंबईच्या नावाने एक रक्तगट आहे, बॉम्बे ग्रुप. १९५२ साली डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत शोधला. साध्या तपासणीत तो ओसारखाच दिसतो, पण त्या माणसाच्या पोटात ए किंवा बीचा जनुक लपलेला असू शकतो आणि मुलामध्ये तो उघडा पडतो. दहा हजारात एखादा सापडतो आपल्याकडे. म्हणजे असा एखादा बाप कार्डं मांडून बसला तर कार्डं खोटं नाही बोलत, पण खरंही नाही बोलत.

तर त्याला सांगितलं. त्याने काही उड्या वगैरे मारल्या नाहीत. नवीन कार्ड मागितलं, पैसे दिले, पावती मागितली, आणि वाकून शटरखालून गेला.

पुढचा भाग मला आठ-दहा दिवसांनी कळला. एक म्हातारी आली, डोक्यावर पदर, हातात पिशवी. म्हणाली, "आमचे जावई आलते का हिकडं, मंगळवारी?" नाव सांगितलं. आता आमच्या धंद्यात एकाचा रिपोर्ट दुसऱ्याला सांगायचा नसतो, सासूला तर नाहीच नाही. मी म्हणलं, आलते, शुगर बघायला.

"साखरच ना?"

"साखरच."

"मग बरं. पोरगी बाळंतपणाला आलीय ती आठ महिने झाले हितंच हाय. बारशाला पण कुणी आलं न्हाई त्यांच्यातलं. आणि मंगळवारपास्नं तीनदा फोन, न्यायला येतो म्हणून. म्हणलं एवढा मऊ कसा पडला, काय मोठा आजारबिजार निघाला का काय."

आठ महिने. एका लॅमिनेट केलेल्या कार्डामुळे. आणि त्या पोरीला कुणी सांगितलं का पुढे, की आपल्याला का नेत नव्हते आणि का नेलं? मला नाही वाटत.

भाच्याला मी ही गोष्ट सांगितली. तो हुशार आहे, लगेच म्हणाला, "म्हणजे मामा, उलट माझाच मुद्दा झाला. जन्मल्यावर लगेच डीएनए झाली असती तर ते आठ महिने वाचले असते." बरोबर आहे. या केसपुरतं शंभर टक्के बरोबर आहे. टेस्टने बाईला वाचवलं, हे मी कसं नाकारू, ती टेस्ट मीच केली. आणि गंमत म्हणजे डीएनएचं पहिलं काम पण असंच होतं, जोडायचं. लेस्टरच्या अ‍ॅलेक जेफ्रीज यांनी १९८४ च्या सप्टेंबरमध्ये डीएनए फिंगरप्रिंटिंग शोधलं आणि १९८५ मध्ये पहिल्यांदा ते वापरलं गेलं ते घानाहून इंग्लंडला परत आलेल्या एका मुलासाठी. इमिग्रेशनवाले म्हणत होते हा या बाईचा मुलगा कशावरून, आणि टेस्टने दाखवलं की तिचाच आहे. तोडायला नाही, आईजवळ ठेवायला.

पण एक माणूस स्वतःच्या पायाने येऊन विचारतो ते वेगळं आणि सरकार घरोघरी जाऊन विचारतं ते वेगळं. मी नळ्यांवर नावं लिहिण्यात आयुष्य घालवलंय. कितीही बारकोड लावा, एकाच आडनावाच्या दोन सुना एकाच वॉर्डात बाळंत होतात, रात्रीची एकच सिस्टर असते, नळी बदलते. आपल्या देशात वर्षाला सव्वादोन-अडीच कोटी बाळं जन्मतात. हजारात एक नमुना चुकला असं नुसतं धरून बघा, मोबाइलवर गुणाकार करा. बावीस-पंचवीस हजार घरं. दर वर्षी. आणि ही चूक कुणाच्या अंगावर येणार तर टाके ओले असलेल्या, दूध उतरतंय की नाही या काळजीत असलेल्या बाईच्या. रिपोर्ट चुकलाय हे सिद्ध तिनेच करायचं, तेही दोन दिवसांचं पोर मांडीवर घेऊन, आणि तोवर सासरची गाडी निघून गेलेली. बरं, यंत्र बरोबर असूनही माणूसच वेगळा निघतो कधीकधी. अमेरिकेत एका बाईला डीएनए टेस्टने सांगितलं की ही मुलं तुझी नाहीत, ज्या मुलांना तिनेच जन्म दिला होता त्यांच्याबद्दल. पुढे कळलं की तिच्या शरीरात दोन वेगवेगळे डीएनए आहेत, आईच्या पोटातच दोन गर्भ एकात मिसळून ती जन्मली होती. आईवर जर विश्वास बसला नाही तर बापाची काय कथा.

त्या व्हिडिओत आकडा पण होता, तीस टक्के मुलं बापाची नसतात म्हणे. हा आकडा लॅबवाला म्हणून मला फार ओळखीचा वाटला. माझ्या लॅबमध्ये शुगरला येणाऱ्यांतल्या किती जणांना शुगर निघते हे मोजून मी जर म्हणलं की तालुक्यातल्या अर्ध्या लोकांना डायबेटिस आहे, तर? ज्यांना आधीच शंका आहे तेच टेस्टला येतात, त्यांच्यातला तो आकडा. बेल्जियमच्या लार्मुसो आणि मंडळींनी उलट बाजूने मोजलं, जुन्या वंशावळी घेतल्या, कागदावर एकाच पूर्वजाचे वंशज असलेले पुरुष शोधले आणि बापाकडून मुलाकडे जाणारं त्यांचं वाय क्रोमोसोम जुळतं का बघितलं. गेल्या पाचशे वर्षांचा हिशोब, २०१९ मध्ये छापला. पिढीमागे सरासरी दीड टक्क्याच्या आसपास. एकोणिसाव्या शतकातल्या दाटीवाटीच्या गरीब शहरी वस्त्यांत सहा टक्क्यांपर्यंत, शेतकऱ्यांत त्याहून कितीतरी कमी. आता दीड टक्का म्हणजे काहीच नाही असं मी म्हणणार नाही. ज्याच्या घरात ते घडलं त्याला टक्केवारी सांगून काय उपयोग.

आणि फसवला गेलेला पुरुष हा काही व्हिडिओतला शोध नाही, तो असतो. आपला कायदा त्याच्याशी बरीच वर्षं कठोर वागला. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात कलम ११२ होतं, लग्न चालू असताना किंवा मोडल्यावर २८० दिवसांच्या आत मूल झालं तर ते नवऱ्याचंच, विषय संपला, सुटका एकच की त्या काळात आपली भेटच होणं शक्य नव्हतं हे दाखवायचं. १८७२ मध्ये रक्तगट सुद्धा माहीत नव्हते कुणाला, ते विसाव्या शतकाच्या तोंडावर लँडस्टायनरने शोधले. म्हणजे कायद्याने अंधारात एक बाजू निवडली, मुलाची. ते कलम आता २०२४ च्या जुलैपासून भारतीय साक्ष्य अधिनियमात ११६ नंबरने बसलंय, मजकूर जवळपास तोच.

अंधार गेला तरी गोंधळ जात नाही हे चार्ली चॅप्लिनवरच्या बापपणाच्या केसमध्ये दिसलं. त्याचा रक्तगट ओ, बाळाच्या आईचा ए, बाळाचा बी. मी काय, माझ्याकडे शिकायला येणारी पोरंसुद्धा सांगतील की हा बाप असू शकत नाही. तरी १९४५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ज्यूरीने ठरवलं, हाच बाप, पोटगी दे. आपल्याकडे २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टात याच्या उलट झालं. विदर्भातलं जोडपं, मुलीच्या पोटगीचा वाद, नागपूरच्या लॅबमध्ये डीएनए झाली, बायको म्हणाली पुन्हा करा, हैदराबादला पुन्हा झाली, दोन्हीकडे नकार. कोर्ट म्हणालं की विज्ञान एक सांगतंय आणि कायद्याचं गृहीतक दुसरं, तर खऱ्यापुढे गृहीतक टिकत नाही, या माणसाला त्या मुलीच्या पोटगीची सक्ती नको. मला हा निकाल पटतो. पण त्या मुलीचं वय मी मनात मोजतो दर वेळी. वाद सुरू झाला तेव्हा तान्ही, निकाल लागला तेव्हा कॉलेजच्या वयाची. तिने काय केलं होतं?

मग पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयातून निघालेल्या प्रकरणाचा निकाल २०२३ च्या फेब्रुवारीत तिथेच लागला. नवऱ्याला बायकोचे बाहेरचे संबंध सिद्ध करायचे होते आणि त्यासाठी मुलाची डीएनए हवी होती. खालच्या कोर्टाने परवानगी दिली, हायकोर्टाने दिली, सुप्रीम कोर्टाने रद्द केली. थोडक्यात असं की बायकोवर आरोप करायचाय ना, कर, पुरावे आण, पण मुलाला साक्षीदार म्हणून उभं करू नकोस. पोराला पण हक्क आहे की उठसूट कुणी त्याच्या जन्मावर बोट ठेवू नये.

बाहेरच्या देशांची तर तऱ्हाच वेगळी. फ्रान्समध्ये कोर्टाच्या हुकमाशिवाय बापाची टेस्ट करणं हाच गुन्हा, एक वर्ष कैद आणि १५ हजार युरो दंड, नवरा-बायको दोघं राजी असले तरी. ते पण मला अतीच वाटतं. जर्मनीचं बरं आहे त्यातल्या त्यात. लपूनछपून पोराच्या डोक्यावरचे केस उचलून लॅबला पाठवलेत तर कोर्ट ते बघणार नाही, पण २००८ पासून बाप, आई, मूल, तिघांतल्या कुणालाही समोरून मागता येतं की मला खरं कळू दे, आणि ते कळल्याने कायद्याचं बापपण आपोआप तुटत नाही. कळणं वेगळं आणि तोडणं वेगळं. मला कायदा करायला बसवला तर मी एवढंच करेन.

सक्तीच्या बाजूचे लोक एक गोष्ट बोलतच नाहीत, की सक्ती बापावर पण येते. आमच्याकडे ऊस तोडायला बीडकडून टोळ्या येतात, बाई फडात किंवा फडाजवळच्या सरकारी दवाखान्यात बाळंत होते, बाप तिसऱ्याच कारखान्यावर. कुणाचा बाप सौदीला. कुणाचा बाप सीमेवर. कुणाचा बाप गरोदरपणातच गेलेला. या सगळ्यांचा नमुना येईपर्यंत दाखला अडणार, आणि दाखल्याशिवाय तर आता पान हलत नाही. ज्यांनी दात्याचं वीर्य घेऊन, घरात कुणाला न सांगता मूल केलंय त्यांचं काय? २०२१ चा कायदा स्पष्ट म्हणतो की ते मूल त्या जोडप्याचंच, जैविकच मानायचं. मग एक सरकारी कागद म्हणणार तुमचंच आणि दुसरा म्हणणार जुळत नाही. आणि देशातल्या प्रत्येक बाळाचा डीएनए जमा करून ठेवणार कुठे? डीएनए वापरायचा आणि साठवायचा कसा याचं विधेयकच सरकारने २०२३ मध्ये मागे घेतलं.

शिवाय बाळाच्या टाचेतून रक्त काढायचंच असेल तर मी सांगतो कशासाठी काढा. थायरॉइडसाठी. साधारण हजारात एका बाळाला जन्मतः कमी असतं, पहिल्या काही आठवड्यांत कळलं तर रोजची एक स्वस्त गोळी, नाही कळलं तर पोर मतिमंद होतं. गोव्याने २००८ मध्येच सगळ्या नवजात बाळांसाठी अशा तपासण्या सुरू केल्या होत्या, आमच्याकडे अजून डॉक्टरने लिहिलं तर होते, नाहीतर नाही. ते मागायला कुणी व्हिडिओ बनवत नाही.

आपल्याकडे बाळ झाल्यावर जो तो बघायला येतो आणि पहिलं वाक्य काय, "अगदी बापावर गेलंय." सटवाई येऊन कपाळावर लिहायच्या आधी शेजारच्या काकूंचं लिहून झालेलं असतं. १९८२ मध्ये डेली आणि विल्सन या दोन संशोधकांनी बाळंतपणाची चित्रीकरणं बघून हेच नोंदवलंय, की आया बाळ बापासारखं दिसतं असंच जास्त म्हणतात. मला पूर्वी वाटायचं नुसती बडबड आहे ही, दोन दिवसांचं बाळ बटाट्यासारखं असतं, कुणावर गेलं ते काय दिसणार. आता वाटतं ती एक रीतच आहे, न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकायची, की प्रश्न उठूच नये. तीस सेकंदांत, फुकट. सक्तीची टेस्ट म्हणजे तोच प्रश्न प्रत्येक बाजेपाशी जाऊन मोठ्याने विचारायचा.

बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर म्हणतो आपण. आणि त्याच तोंडाने सत्यकामाची गोष्ट सांगतो, ज्याच्या आईने स्वच्छ सांगितलं की तुझा बाप कोण मला माहीत नाही, मी जबाला, तू सत्यकाम, सांग सत्यकाम जाबाल म्हणून. गुरूने ठेवून घेतलं. पाची पांडवांची टेस्ट केली असती तर एकाची पण पंडूशी जुळली नसती, तरी युद्ध पंडूच्या राज्याच्या हिश्शासाठीच. आपल्या राज्यात १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी आईचं नाव, मग बापाचं. एवढ्या साध्या बदलावर पण आमच्या गावात दोन दिवस चर्चा, बापाचं नाव मागं गेलं म्हणून.

आसाममध्ये मंगलदोईला २०१५ मध्ये दवाखान्यात दोन बाळं बदलली गेली, एक मुसलमान घरातलं, एक बोडो. डीएनएने सिद्ध झालं, कोर्टापर्यंत गेलं, आणि २०१८ मध्ये अदलाबदल करायची वेळ आली तर पोरं आपापल्या आईला चिकटून रडायला लागली. जवळपास तीन वर्षांची होती. दोन्ही घरांनी ठरवलं, जाऊ दे, जो ज्याच्याकडे आहे तो त्याचा. टेस्ट खरी होती. तिच्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती.

हे सगळं मी भाच्याला त्या रात्री काही सांगितलं नाही, एवढं लांबलचक ऐकायला तो बसलाच नसता. तो म्हणाला, "मामा तू जुना आहेस," आणि आम्ही आत जाऊन झोपलो.

दिवाळीनंतर त्याला मुलगी झाली. दुपारी फोन आला. सगळं नीट, तीन किलोला थोडी कमी. त्याची बायको ए निगेटिव्ह आहे हे मला माहीत होतं, म्हणून मी पहिला प्रश्न तोच केला, बाळाचा रक्तगट आला का? आई निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल तर बहात्तर तासांच्या आत आईला अँटी-डीचं इंजेक्शन द्यावं लागतं, पुढच्या बाळंतपणासाठी.

"आला. पॉझिटिव्ह. इंजेक्शन सकाळीच दिलं."

"छान."

मग तो गप्प. मी म्हणलं फोन कट झाला का काय.

"मामा, ओ पॉझिटिव्ह आहे ती."

"बरं."

"मी बी, ही ए." आवाज एकदम खाली आलेला. "ए आणि बीचं ओ होतं का?"

"होतं. तुझ्यात एक ओ लपलेला, तिच्यात एक लपलेला, दोघांनी तोच दिला."

"हां हां. नाही, सहज विचारलं."

आणि मागून, अगदी जवळून, कॉटवरूनच असणार, तिचा आवाज आला, दमलेला. "काय होतं म्हणतात मामा?"